डिझेल गाडीचं रिमॅप, ईजीआर आणि डीपीएफ: काढून टाकायच्या आधी हे समजून घ्या

डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला, गाडी पिकअप घेईना, लिंप मोडला जायला लागली, म्हणजे स्वतःच पॉवर कमी करून चालायला लागली की पहिला सल्ला बहुतेक हाच मिळतो, की ते सगळं काढून टाक, ईजीआर, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा, बंद कर आणि सोबत रिमॅप मारून घे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घे, गाडी एकदम मोकळी होईल. सल्ला देणारा मनापासूनच देत असतो, त्याच्या गाडीला काही दिवस फरकही पडलेला असतो. पण हे भाग तिथे का बसवलेत, एकमेकांवर कसे अवलंबून आहेत आणि एक काढला की बाकीच्यांचं काय होतं हे कुणी नीट सांगत नाही, आणि माझं म्हणणं असं आहे की ते कळलं की दहापैकी नऊ जण काढायचा विचारच सोडून देतील, कारण खराबी तिथे नसतेच, ती दुसरीकडे असते आणि फक्त दिसते तिथे.

आधी डिझेल जळतं कसं ते बघू. पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो, हवा साधारण सोळा पट दाबली जाते, दाबल्यामुळे ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. आता हा फवारा सगळीकडे सारखा पसरत नाही. फवाऱ्याच्या मधल्या भागात डिझेल जास्त आणि हवा कमी, तिथे अर्धवट जळून काजळी तयार होते. कडेला हवा भरपूर आणि तापमान प्रचंड, तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ज्यांना सगळे नॉक्स म्हणतात. साधारण पंधराशे अंशांच्या पुढे हे नॉक्स फार झपाट्याने वाढतं. म्हणजे एकाच सिलिंडरमध्ये, एकाच क्षणी, दोन वेगवेगळ्या जागी दोन वेगवेगळी घाण तयार होते, आणि खरी पंचाईत अशी की एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. ज्वलन गरम आणि जोरदार केलं तर काजळी कमी पण नॉक्स जास्त, थंड केलं तर नॉक्स कमी पण काजळी जास्त. पुढचं सगळं प्रकरण या एका ओढाताणीतून आलंय, त्यामुळे एवढं लक्षात ठेवा.

पेट्रोल गाडीतला साधा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इथे चालत नाही का, असं बरेच जण विचारतात. नॉक्सच्या बाबतीत नाही चालत, कारण डिझेलच्या धुरात ऑक्सिजन खूप उरलेला असतो आणि तो असेपर्यंत तो कन्व्हर्टर नॉक्स तोडू शकत नाही. म्हणून डिझेलला एकाच्या जागी तीन-चार वेगवेगळी यंत्रणा लागते.

पहिली ईजीआर. ही इंजिनातच नॉक्स कमी तयार व्हावं म्हणून असते. बाहेर जाणाऱ्या धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडायचा, त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त, ती उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्वलनाचं तापमान खाली येतं. आता ईजीआर बंद केल्यावर पॉवर वाढते असं जे म्हणतात ना, त्यात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा ईजीआरचा व्हॉल्व्ह जवळपास बंदच असतो. तो काम करतो निवांत क्रूझ करताना, ट्रॅफिकमध्ये, अर्ध्या लोडवर. म्हणजे व्हॉल्व्ह धड असेल तर तो ब्लँक करून, म्हणजे कायमचा बंद करून, टॉप पॉवरमध्ये काहीच मिळत नाही. ज्यांना फरक जाणवतो त्यांचा व्हॉल्व्ह आधीच काजळीने अर्धवट उघडा अडकलेला असतो, आणि तो साफ केला किंवा बदलला असता तरी तेवढाच फरक पडला असता.

हा व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग, खोलून बघितलंय का कधी? आत बोटाने खरवडला तरी निघणार नाही असा काळा, चिकट, डांबरासारखा थर असतो, कधी कधी हवेचा रस्ता निम्म्यावर आलेला असतो. नुसती काजळी अशी चिकटत नाही, ती कोरडी पावडर असते. तिला चिकटपणा येतो इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये येणाऱ्या ऑइलच्या वाफेमुळे. म्हणून इनटेक सारखा सारखा भरत असेल तर ईजीआरला शिव्या देण्याआधी ब्रीदरचा ऑइल सेपरेटर, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं सील आणि गाडी सतत थंड इंजिनावर छोट्या छोट्या फेऱ्या मारतेय का, हे बघायला पाहिजे.

इंजिनातून धूर बाहेर आला की आधी लागतो ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकतो, आणि मग डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर. डीपीएफ हा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्याला हजारो बारीक नळ्या, पण एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावंच लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. हा प्रकार इतका चांगला चालतो की काजळीचे पंच्याण्णव टक्क्यांच्या वर कण अडवले जातात. कारमध्ये कंपनीकडूनच डीपीएफ बसवून आलेली पहिली गाडी म्हणजे 2000 सालची प्यूजो 607, म्हणजे ही काही कालपरवाची, अर्धवट जमलेली गोष्ट नाही.

अडकलेली काजळी साठत जाते, मग ती जाळावी लागते, त्यालाच रीजनरेशन म्हणतात. हायवेवर धूर पुरेसा गरम असेल तर थोडी काजळी आपोआप जळत राहते, तुम्हाला कळतही नाही. तेवढ्याने भागलं नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःहून काम काढतो, पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतो, ते सिलिंडरात न जळता पुढे कॅटॅलिस्टवर जाऊन जळतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. हे दहा-वीस मिनिटं चालतं. त्या वेळी आयडलचा आरपीएम थोडा वाढलेला असतो, ॲव्हरेज पडलेलं दिसतं, गाडी बंद केली तरी फॅन जोरात फिरत राहतो आणि गरम झाल्याचा वास येतो. लोक घाबरून गाडी बंद करतात आणि इथेच घोळ होतो. अर्धवट राहिलेलं रीजनरेशन परत सुरू होणार, परत जास्तीचं डिझेल, आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळत राहणार. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी मॅक्सच्या वर गेलेली असेल आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर हेच झालंय. ऑइल कमी होणं सगळ्यांना माहिती असतं, वाढणं हा त्याहून मोठा धोका आहे, कारण पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग आणि क्रँकची बेअरिंग फार दिवस काढत नाहीत.

अजून एक फरक समजून घ्या, काजळी आणि राख. काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, कॅल्शियम, झिंक वगैरे. ती फिल्टरमध्ये कायमची बसते, म्हणूनच डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय तेच, कॅनवर नुसतं फुल्ली सिंथेटिक लिहिलंय म्हणून चालत नाही. बऱ्याच गाड्यांत दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे राख इतकी साठते की फिल्टर उतरवून मशीनवर साफ करून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. राखेने भरलेल्या फिल्टरवर स्कॅनर लावून कितीही फोर्स्ड, म्हणजे जबरदस्तीचं, रीजनरेशन मारलं तरी उपयोग शून्य. आणि उलट काजळी प्रमाणाबाहेर भरलेली असताना जबरदस्तीने रीजनरेशन मारलं तर ती सगळी एकदम पेट घेते, तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं आणि सिरॅमिकला तडा जातो किंवा ते वितळतं.

शेवटची यंत्रणा एससीआर, म्हणजे युरियावाली, ॲडब्लू किंवा डीईएफ म्हणतात ते. पाण्यात 32.5 टक्के युरिया, गरम धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टवर अमोनिया नॉक्सला तोडून साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. रसायन म्हणून बघितलं तर फार सुंदर काम आहे हे. काही गाड्यांत याऐवजी किंवा याच्यासोबत नॉक्स ट्रॅप असतो, जो नॉक्स आधी साठवून ठेवतो आणि मग थोडा वेळ इंजिनला जास्त डिझेल देऊन ते साठलेलं तोडून टाकतो.

आता हे सगळं जोडून बघा. ईजीआर बंद केला तर इंजिनातून नॉक्स जास्त निघणार. एससीआर जेवढं नॉक्स येईल असं धरून बनवलाय त्याच्यापेक्षा जास्त येतंय, मग युरिया जास्त लागणार, नॉक्स सेन्सर तक्रार करणार, दिवा लागणार. मग दिवा बंद करायला एससीआर सॉफ्टवेअरमधून उडवा. उलट डीपीएफ काढला तर टर्बोच्या मागचा अडथळा गेला, टर्बो आधीपेक्षा सहज फिरतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, ठरवल्यापेक्षा वर जाऊ शकतो, फिल्टरच्या दोन्ही बाजूंतला दाबाचा फरक मोजणाऱ्या डिफरेन्शियल प्रेशर सेन्सरला फरकच दिसत नाही, मग तेही सॉफ्टवेअरमधून बंद करा. एक टाका उसवला की पुढचे उसवावेच लागतात. आणि शेवटी गाडीत असा ईसीयू राहतो ज्याला सांगून ठेवलंय की अर्ध्या सेन्सरकडे लक्ष देऊ नकोस. उद्या खरंच इंजेक्टर गळायला लागला, धूर जास्त गरम झाला, तर ओरडून सांगणारं कुणी उरत नाही, कळतं ते थेट पिस्टनला भोक पडल्यावर.

खरं ते खरं सांगायला पाहिजे, डीपीएफ काढल्यावर ॲव्हरेजमध्ये थोडा फायदा दिसू शकतो, कारण रीजनरेशनचं डिझेल वाचतं आणि मागचा दाब कमी होतो. पण त्याच्या बदल्यात जे बाहेर जातं ते बघा. डिझेलच्या काजळीचे कण इतके बारीक असतात की नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही, ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. आणि हा धूर सगळ्यात आधी घेतात ते तुमच्या मागे स्कूटरवर असलेले, फुटपाथवरून चालणारे, आणि लहान मुलं, ज्यांचं नाक बरोबर सायलेन्सरच्या उंचीवर असतं. नॉक्सचा धूर तर डोळ्याला दिसतही नाही, त्यामुळे माझी गाडी तर धूर मारत नाही या बोलण्याला अर्थ नाही.

एकट्याच्या गाडीने काय फरक पडतो असं वाटत असेल तर अमेरिकेचा आकडा बघा. तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, 2020 मध्ये अंदाज काढला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकमधली ही यंत्रणा काढून किंवा बंद करून टाकलीय, आणि त्या गाड्यांच्या आयुष्यभरात त्यामुळे 5 लाख 70 हजार टनांहून जास्त नॉक्स जास्तीचं बाहेर पडणार. एवढ्याशा गाड्या, आणि एवढा परिणाम, कारण एक डिलीट केलेली, म्हणजे ही यंत्रणा काढलेली, गाडी अनेक धड गाड्यांइतका धूर सोडते.

कायद्याच्या बाजूने पण हवा बदललीय. 2015 च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, गाडी टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती नॉक्सची यंत्रणा नीट चालवणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत, आणि रस्त्यावर काही गाड्यांचं नॉक्स अमेरिकेतल्या मर्यादेच्या 40 पटीपर्यंत. तेव्हापासून तपासणारे फक्त सायलेन्सरकडे बघत नाहीत, सॉफ्टवेअरकडेही बघतात. ब्रिटनमध्ये 2014 पासून वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर नसेल तर गाडी नापास. नेदरलँड्समध्ये 1 जानेवारी 2023 पासून धुरातले कण मोजणारं यंत्र लावतात, कारण धुराचा काळेपणा बघणारी जुनी टेस्ट आतून पोकळ केलेला डीपीएफ पकडू शकत नव्हती, आणि कण मोजणाऱ्या यंत्रापुढे ते लगेच उघडं पडतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, डीपीएफ सारखा का भरतो. समजा टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरपर्यंत, जाणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर आहे, क्लॅम्पच्या आजूबाजूला ऑइलचा ओलसर डाग दिसतोय. हवेचा सेन्सर तर पाइपच्या आधी बसलाय, त्याने मोजली शंभर भाग हवा, ईसीयूने शंभर भागाच्या हिशोबाने डिझेल दिलं, पण लोडवर बूस्ट वाढला की चीर उघडते आणि सिलिंडरात पोचते नव्वद भाग. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणजे काजळी. पूर्वीच्या गाड्यांत ती काळा धूर म्हणून दिसली असती आणि मेकॅनिकने पाच मिनिटांत पाइप पकडला असता. आता डीपीएफ ती गिळून टाकतो, धूर दिसत नाही, फक्त फिल्टर दर थोड्या दिवसांनी भरतो आणि बदनाम होतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! फिल्टर काढला तर काळा धूर येईल, टर्बो कमी पडलेल्या हवेची भरपाई करायला जास्त वेगाने फिरत राहील आणि एक दिवस तोही जाईल, रबरी पाइप मात्र तसाच.

अशी कारणं बरीच असतात. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर, उघडा राहिलेला थर्मोस्टॅट ज्यामुळे इंजिन कधी पूर्ण गरमच होत नाही आणि मग ईसीयू रीजनरेशन सुरूच करत नाही, डिफरेन्शियल प्रेशर सेन्सरची तडकलेली नळी. टाकीत डिझेल रिझर्व्हच्या आसपास असेल किंवा चेक इंजिनचा दुसरा कुठला कोड आधीच पडलेला असेल तरी बऱ्याच गाड्या रीजनरेशन टाळतात. म्हणून मेकॅनिकला काढून टाक म्हणायच्या आधी स्कॅनरवर चार गोष्टी दाखवायला सांगा, काजळीचा भार किती, राखेचा अंदाज किती, शेवटचं पूर्ण झालेलं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि आयडलला व तीन हजार आरपीएमला फिल्टरच्या दोन्ही बाजूंतला दाबाचा फरक किती. हे चार आकडे जो बघत नाही त्याला डीपीएफला हात लावू देऊ नका.

रिमॅपची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती सरसकट वाईट नाही. डिझेलची पॉवर ठरते किती डिझेल टाकलं त्यावर, आणि किती टाकता येईल हे ठरतं हवा किती आहे त्यावर. ईसीयूमध्ये यासाठी तक्ते असतात, त्यांनाच मॅप म्हणतात, ड्रायव्हरने किती मागितलं, टॉर्कची मर्यादा किती, धुराची मर्यादा किती, बूस्ट किती, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब किती, फवारा कधी मारायचा. कंपनी या सगळ्यात जागा मोकळी ठेवते, आळस म्हणून नाही, तर गाडी भर उन्हात, विरळ हवेच्या घाटात, पूर्ण भरून, सुमार डिझेलवर, कित्येक वर्षं चालली पाहिजे म्हणून. ट्यूनर, म्हणजे रिमॅप करणारा, त्या मोकळ्या जागेतली थोडी वापरतो. टर्बो डिझेलमध्ये नुसत्या सॉफ्टवेअरने वीस ते तीस टक्के वाढीचे दावे सर्रास केले जातात आणि ते पूर्ण खोटे नसतात.

फरक पडतो तो कसा केलाय त्यात. चांगला ट्यूनर आधी हवा बघतो, टर्बोला झेपेल एवढा बूस्ट वाढवतो आणि धुराच्या मर्यादेचा तक्ता आहे तसा ठेवतो, म्हणजे हवा जितकी तितकंच डिझेल, डीपीएफला कळतही नाही. वाईट ट्यूनर धुराची मर्यादा ढिली करतो आणि डिझेल ओततो, गाडी कमी आरपीएमला एकदम ढकलल्यासारखी वाटते, गिऱ्हाईक खूश, पण काजळी दुप्पट आणि टर्बोच्या तोंडाशी तापमान वाढलेलं. बऱ्याच कार इंजिनांत ते आठशे अंशांच्या आसपासच राहावं लागतं, त्याच्या वर सतत राहिलं की टर्बोची पाती आणि पिस्टनचा माथा जायला लागतो. आणि कमी आरपीएमला प्रचंड टॉर्क हा जो प्रकार सगळ्यांना आवडतो ना, तोच कनेक्टिंग रॉड, क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हीलला सगळ्यात जास्त मारतो. दोन हजार आरपीएमच्या खाली टॉर्क हळूहळू चढू देणारा मॅप बसल्या बसल्या कमी भारी वाटेल, पण तोच टिकतो.

ट्यूनिंग बॉक्स, जो नुसता प्लग लावून बसवतात, तो मला अजिबात पटत नाही. तो रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि खोटं सांगतो की दाब कमी आहे, मग ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. म्हणजे ईसीयूला खरी गोष्ट माहीतच नाही. ऑटोमॅटिक गाडीत तर अजून वाईट, कारण गिअरबॉक्स आतल्या क्लचवर किती दाब द्यायचा हे ईसीयूने सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो, ईसीयू सांगतो तीनशे, येतोय साडेतीनशे, क्लच थोडा थोडा घसरत राहतो आणि जळतो.

रिमॅप करायचाच असेल तर आधी गाडी धड आहे का ते बघा, दमलेल्या टर्बोवर आणि गळक्या इंजेक्टरवर मॅप टाकणं म्हणजे पैसे घालवणं. मूळ फाइलची कॉपी मागून घ्या. आधीचा आणि नंतरचा लॉग, म्हणजे गाडी चालवताना नोंदलेले आकडे, मागा, पूर्ण लोडवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, तसंच रेल प्रेशर, आणि धुराचं तापमान. हे मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे रेडीमेड फाइल आहे असं समजा. इन्शुरन्सला आणि वॉरंटीला याचा काय फटका बसतो तेही आधी विचारा, कारण क्लेमच्या वेळी ईसीयूमध्ये फाइल बदलल्याची खूण बऱ्याचदा सापडते.

जुनी डिझेल गाडी घेताना तिची यंत्रणा आधीच काढलीय का हे ओळखायला फार अवघड नाही. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा, धड डीपीएफ असलेल्या गाडीत लाख किलोमीटरनंतरही बोट जवळपास स्वच्छ निघतं, काळंकुट्ट निघालं तर शंका घ्या. डीपीएफच्या डब्यावर नवीन वेल्डिंगची रेघ दिसतेय का बघा. स्कॅनरवर तीन हजार आरपीएमला दाबाचा फरक शून्यावर चिकटलेला असेल किंवा रीजनरेशनची नोंद कित्येक हजार किलोमीटर झालीच नसेल तर आत फिल्टर नाही. आणि अशी गाडी घेऊन परत ओरिजिनल करायची ठरवलीत तर क्रम उलटा करू नका, आधी मूळ सॉफ्टवेअर आणि मगच नवीन डीपीएफ, कारण डिलीटची फाइल तशीच ठेवून नवा फिल्टर बसवला तर ईसीयू रीजनरेशन कधी करणारच नाही आणि तो महागाचा फिल्टर थोड्याच हजार किलोमीटरांत गच्च भरून जाईल.